बागेचं तिकीट, आपला पत्ता आणि गटाचा ठराव



शाळांना सुट्टी लागली की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतो. गावाकडच्या गटांना मुंबई बघायची असते, आणि आपल्या सांताक्रूझ, वाकोला, कलिनाच्या गटांना मुलांना घेऊन एक दिवस घराबाहेर पडायचं असतं. मग हिशेब सुरू होतो. गाडीभाडं किती, डबा घरून न्यायचा की नाही, आणि आत जायचं तिकीट किती? तिकिटाचा आकडा ऐकला की दोन-तीन ताई हळूच म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी पुढच्या वेळी येते."

म्हणून या अंकाचा धडा बागेच्या तिकिटावर आहे. बागेत, उद्यानात, जंगलात किंवा डोंगरावर जायला पैसे का घेतात, तिथल्या रहिवाशांना सवलत का असते, ती कोणाला मिळते आणि कोणाच्या हातून निसटते, हे आपण बघू. धडा मुंबईतल्या उदाहरणांवरून सुरू होतो, पण तो गावातल्या ग्रामपंचायतीपर्यंत जातो. त्यामुळे गावाकडच्या ताईंनी पान उलटू नये!

आधी तीन शब्द समजून घेऊ

शुल्क, सवलत आणि माफी हे तीन शब्द आपण एकमेकांत मिसळतो.

शुल्क म्हणजे एखाद्या सोयीच्या वापरासाठी ठरवलेला दर. माफी म्हणजे काहीच पैसे घ्यायचे नाहीत. सवलत म्हणजे पैसे घ्यायचे, पण कमी. तिन्ही गोष्टी नियमाने ठरतात. महापालिकेची बाग असेल तर महापालिका ठरवते, जंगल असेल तर वन विभाग, जुनी लेणी किंवा किल्ला केंद्राच्या ताब्यात असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग.

हे सांगायचं कारण असं की आपल्या बायका खिडकीवर गेल्या की विनवणी करतात. "दादा, थोडं कमी करा ना, लहान मुलं आहेत." खिडकीवरच्या माणसाला दर कमी करायचा अधिकार नसतो. पण नियमात सवलत लिहिलेली असेल, तर ती नाकारायचाही अधिकार त्याला नसतो. म्हणून विनवणी नको, विचारणा करा: "दरपत्रक कुठे लावलंय? आम्ही यातल्या कोणत्या गटात बसतो?"

'स्थानिक' म्हणजे नेमकं कोण?

सवलत बहुतेक वेळा 'आपल्या माणसांना' असते. पण आपलं माणूस कोणाला म्हणायचं, याची उत्तरं तीन प्रकारची दिसतात.

पहिला प्रकार देशाचा. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी लेणी घ्या. पुरातत्त्व विभागाने २०१८ मध्ये ठरवलेल्या दरांप्रमाणे तिथे भारतीय माणसाला रोखीने २५ रुपये आणि परदेशी पाहुण्याला ३०० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. इथे 'स्थानिक' म्हणजे भारताचा नागरिक. तुम्ही सांताक्रूझच्या असा नाहीतर जव्हारच्या, दर एकच.

दुसरा प्रकार पत्त्याचा. त्या गावात किंवा त्या वस्तीत राहणाऱ्यांना माफी, बाहेरच्यांना शुल्क. आपल्या जवळचं उदाहरण माथेरानचं. तिथे नगरपरिषद येणाऱ्या पर्यटकांकडून कर घेते, माथेरानच्या रहिवाशांकडून घेत नाही. परदेशातही हा प्रकार आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात पार्क ग्वेल नावाची प्रसिद्ध बाग आहे. पर्यटकांची इतकी गर्दी व्हायला लागली की आसपासच्या लोकांनाच बागेत बसता येईना. २०१३ मध्ये मुख्य भागाला तिकीट लावलं, पण शेजारच्या वस्तीतल्या लोकांना नोंदणी करून मोफत जायची सोय ठेवली.

तिसरा प्रकार वापराचा. रोज सकाळी चालायला येणाऱ्यांचा पास हे त्याचं उदाहरण. पास घेताना कागदोपत्री पत्ता महत्त्वाचा असो वा नसो, रोज येणारा माणूस बहुधा जवळच राहणारा असतो. त्यामुळे ही सवलत प्रत्यक्षात शेजाऱ्यांनाच मिळते. मुंबईत जास्त चालतो तो हाच प्रकार.

राणीबागेचं दरपत्रक वाचून बघू

भायखळ्याची राणीबाग आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पूर्ण नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय. ही महापालिकेची बाग १८६२ पासून लोकांसाठी खुली आहे. सांताक्रूझहून जायचं तर दादरला गाडी बदलून मध्य रेल्वेने भायखळा.

कित्येक वर्षं तिथे मोठ्यांना ५ रुपये आणि लहानांना २ रुपये तिकीट होतं. २०१६ मध्ये पेंग्विन आणले, नवीन बांधकामं झाली, आणि १ ऑगस्ट २०१७ पासून दर वाढले. तेव्हा ठरलेले दर असे:

- मोठ्या माणसाला ५० रुपये
- ३ ते १२ वर्षांच्या मुलाला २५ रुपये
- आई, वडील आणि १५ वर्षांपर्यंतची दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये
- सकाळी चालायला येणाऱ्यांना महिन्याचा पास १५० रुपये
- ज्येष्ठ नागरिक आणि महापालिका शाळांचे विद्यार्थी यांना माफी

(दर पुढे बदलू शकतात. जायच्या आधी ताजं दरपत्रक बघा. बुधवारी बाग बंद असते, तेही लक्षात ठेवा.)

आता वही काढा आणि माझ्याबरोबर हिशेब करा.

पहिला हिशेब. चौघांचं कुटुंब, मुलं ८ आणि १० वर्षांची. सुटं तिकीट काढलं तर ५० + ५० + २५ + २५ = १५० रुपये. कुटुंबाचं तिकीट काढलं तर १००. म्हणजे ५० रुपये वाचले. दरपत्रक न वाचता पैसे पुढे केले असते तर हे ५० गेले असते.

दुसरा हिशेब. एकटी आई आणि तिची दोन मुलं, वय १३ आणि १४. मुलं १२ च्या पुढची, म्हणून सुट्या तिकिटात तिघांनाही मोठ्यांचा दर. ५० + ५० + ५० = १५० रुपये. हीच मुलं आई-वडील दोघांबरोबर गेली तर चौघांचे १०० रुपये. माणूस एक जास्त आणि पैसे ५० कमी! आपल्या गटांमध्ये विधवा, सोडून दिलेल्या, नवरा कामासाठी बाहेरगावी असलेल्या किती ताई आहेत, ते तुम्हीच मोजा. 'कुटुंब' म्हणताना नियमाने नवरा-बायको धरले की ज्या घरात कमावणारी एकटी बाई आहे, त्या घराला जास्त पैसे पडू शकतात. अशा वेळी खिडकीवर विचारायचं, "आई आणि दोन मुलं यांना कुटुंबाचं तिकीट देता का?" देत असतील तर उत्तम. नसतील तर ही लेखी मागणी करण्यासारखी गोष्ट आहे.

तिसरा हिशेब. महिन्याचा पास १५० रुपये. महिन्यात २५ दिवस गेलं तर एका फेरीचे ६ रुपये पडतात. वर्षातून एकदा जाणारी बाई एका फेरीचे ५० देते. रोज चालणाऱ्यांना स्वस्त पास असणं योग्यच आहे, त्यांची ती रोजची गरज आहे. पण सकाळी सहा ते आठ या वेळेत बागेत फिरायला कोण जाऊ शकतं? त्या वेळेला आपल्या ताई पाणी भरत असतात, डबे करत असतात, किंवा पहिल्या घरच्या कामाला पोचलेल्या असतात. सवलत सगळ्यांसाठी खुली असली तरी तिची वेळ सगळ्यांची नसते. नियम वाचताना 'किती रुपये' याबरोबर 'किती वाजता' हेही वाचायला शिका.

चौथा हिशेब गटाचा. २० जणी गेल्या तर २० × ५० = १००० रुपये. त्यातल्या चार जणी ज्येष्ठ नागरिक असतील आणि वयाचा पुरावा जवळ असेल तर १६ × ५० = ८०० रुपये. २०० रुपये वाचवायचे असतील तर आदल्या दिवशी चौघींना एवढाच निरोप द्यायचा: आधार कार्ड विसरू नका.

बोरिवलीचं जंगल: एका सहलीत दोन तिकिटं

सांताक्रूझहून थेट लोकलने जाता येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या मध्ये पसरलंय. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार तलाव याच जंगलाच्या आधाराने आहेत. इथे वन विभागाचं प्रवेश शुल्क आहे आणि सकाळी चालणाऱ्यांसाठी पासची सोय आहे.

इथे गट नेताना एक गोष्ट चुकते. फाटकावरचं तिकीट वन विभागाचं आणि आत सहा-सात किलोमीटरवर असलेल्या कान्हेरी लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व विभागाचं. एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. आतल्या बसचे पैसे वेगळे. त्यामुळे गटाकडून वर्गणी गोळा करताना तीन रकाने करा: फाटक, बस, लेणी. नाहीतर लेण्यांच्या दाराशी पोचून अर्ध्या जणी बाहेर बसतात. सोमवारी दोन्ही ठिकाणं बंद असतात.

याच जंगलात आदिवासी पाडे आहेत. वारली आणि इतर समाजाची घरं तिथे उद्यान व्हायच्या आधीपासून आहेत. आपण ज्याला सहलीचं ठिकाण म्हणतो, ते त्यांचं गाव आहे. जंगलातल्या कायमच्या रहिवाशांचा प्रश्न सवलतीत मोडत नाही, तो हक्कात मोडतो. २००६ चा वनहक्क कायदा याच साठी झाला. सवलत शासन देऊ शकतं आणि काढूही शकतं. हक्काचं तसं नसतं. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

पत्ता कुठला लिहिलाय?

आता धड्यातली सगळ्यात अडचणीची गोष्ट. पत्त्यावर मिळणारी सवलत घ्यायची तर पत्ता दाखवावा लागतो. आपल्या किती ताईंच्या आधार कार्डावर त्या राहतात तिथला पत्ता आहे?

समजा, एक ताई रत्नागिरीकडून लग्न होऊन वाकोल्याला आली. पंधरा वर्षं भाड्याच्या खोलीत राहते. खोली बदलली, मालक बदलले, पण आधारवर अजून माहेरचा पत्ता. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, नाहीतर तोंडी. वीजबिल मालकाच्या नावावर. ही ताई सांताक्रूझला कागदावर 'बाहेरची', आणि गावी गेली तर लोक म्हणतात, "आता तू मुंबईची." दोन्हीकडे राबते, पण दोन्हीकडे स्थानिक नाही.

बागेचे २५-५० रुपये ही त्यातली छोटी गोष्ट. हाच पत्ता रेशनला लागतो, मतदार यादीला लागतो, मुलाच्या शाळाप्रवेशाला लागतो, झोपडपट्टी पुनर्विकासाच्या पात्रतेला तर लागतोच लागतो. म्हणून बागेच्या निमित्ताने का होईना, गटाने एक काम करावं: पुढच्या बैठकीत सगळ्यांची आधार कार्डं काढून फक्त पत्ता तपासायचा. ज्यांच्या नावावर कुठलाच पुरावा नाही, त्यांना कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरचा पत्ता बदलायची सोय २०२३ पासून आहे. नातं दाखवणारा कागद, जसं रेशन कार्ड किंवा विवाह प्रमाणपत्र, लागतो. पत्ता बदलायच्या आधी मात्र एक विचार करा: गावाकडच्या एखाद्या योजनेचा लाभ त्या पत्त्यावर चालू आहे का? असेल तर आधी चौकशी, मग बदल.

गावातल्या गटांसाठी: फाटक आपल्या गावात असेल तर?

मुंबईत आपण तिकीट देणाऱ्या. गावात कधी कधी आपण तिकीट घेणाऱ्या असतो. धबधबा, धरण, किल्ला, समुद्रकिनारा, देवस्थान यासाठी बाहेरची माणसं येतात आणि कुठे ना कुठे पावती फाडली जाते.

साताऱ्याजवळचं कास पठार बघा. फुलांसाठी लोक लोटायला लागले. पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर कासचं नाव २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी आणखी वाढली. तिथे आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत शुल्क घेतलं जातं, आणि फाटक, गाड्या लावण्याची जागा, पर्यटकांना माहिती देणं, स्वच्छता या कामांना गावातलीच माणसं लागतात. इथे गावकऱ्याला नुसतं 'तुला तिकीट माफ' असं नाही, तर 'या कामात तुझा वाटा' असं आहे. हा फरक मोठा आहे.

शुल्क ही वाईटच गोष्ट, असं मी म्हणत नाही. झाडांना पाणी घालायला, कचरा उचलायला, बायकांचं स्वच्छतागृह चालू ठेवायला पैसे लागतात. पण तीन प्रश्न विचारायचा आपल्याला अधिकार आहे: दर कोणी ठरवला? गावातल्या माणसाला माफी आहे का? जमलेला पैसा कुठे गेला?

हे विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे ठराव मांडा. सरपण आणायला, गुरं चारायला, शेतावर जायला त्याच वाटेने जाणाऱ्या गावच्या बाईला पावती मागितली जाऊ नये, आणि फाटकाजवळ भाजी-भाकरी, करवंदं, जांभळं विकायची जागा गावच्या गटांना आधी मिळावी, असं ठरावात स्पष्ट लिहून घ्या. तोंडी आश्वासन इतिवृत्तात नसतं, आणि जे इतिवृत्तात नसतं ते पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही.

मागणी कशी करायची?

पहिली पायरी: फलक वाचा. दर, वेळ, सुट्टीचा वार आणि माफी कोणाला, या चार गोष्टी वहीत उतरवून घ्या. मोबाइल असेल तर फलकाचा फोटो काढा.

दुसरी पायरी: फलक नसेल किंवा अर्धवट असेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. २००५ च्या कायद्याखाली जोडपत्र 'अ' भरायचं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या ताईंना फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास त्याच कार्यालयात प्रथम अपील करता येतं. अर्ज एकाच विषयाचा आणि थोडक्यात, दीडशे शब्दांच्या आत ठेवा.

तिसरी पायरी: गटाचा ठराव आणि लेखी अर्ज. सांताक्रूझ पूर्वेच्या गटांचं महापालिका कार्यालय म्हणजे प्रभात कॉलनीतलं एच पूर्व विभाग कार्यालय. पश्चिमेच्या गटांसाठी एच पश्चिम, वांद्र्याला. आपल्या भागातल्या बागेबद्दल काही असेल, म्हणजे फाटक बंद, दिवे नाहीत, स्वच्छतागृहाला कुलूप, तर अर्ज तिथे द्यायचा. राणीबागेच्या दराबद्दल असेल तर राणीबागेच्या संचालकांना.

अर्ज असा लिहिता येईल:

"प्रति, माननीय संचालक, वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय, भायखळा, मुंबई.
विषय: एकल मातेच्या कुटुंबास कौटुंबिक तिकीट व महिला बचत गटांस सवलत मिळण्याबाबत.
महोदय / महोदया, आमच्या गटात इतक्या सदस्य असून त्यापैकी इतक्या महिला एकट्याने कुटुंब चालवतात. कौटुंबिक तिकिटाच्या व्याख्येत एक पालक व दोन मुले यांचाही समावेश करावा. तसेच सोमवार ते शुक्रवार (बुधवार सोडून) आगाऊ नोंदणी केलेल्या महिला बचत गटांना सवलतीचा दर द्यावा, ही विनंती. सोबत गटाच्या ठरावाची प्रत जोडली आहे."

खाली अध्यक्ष आणि सचिवांची सही, गटाचा शिक्का, तारीख. दोन प्रती न्या. एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का घेऊन गटाच्या फाइलला लावायची. शिक्क्याशिवाय परत यायचं नाही.

"एका अर्जाने काय होणार?" असं कोणी म्हणेल. राणीबागेचंच बघा. २००७ च्या सुमारास तिथे मोठ्या बदलांचा आराखडा आला, तेव्हा जुनी झाडं वाचवण्यासाठी काही नागरिक एकत्र आले आणि त्यात बायका पुढे होत्या. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, पत्रं लिहिली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांच्याकडे अधिकार नव्हता, फक्त चिकाटी होती. महिन्याला बचत भरणाऱ्या बाईला चिकाटी शिकवावी लागत नाही.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरापासून पायी पोचता येईल अशी, पैसे न लागणारी बाग किंवा मोकळी जागा कोणती? गेल्या महिन्यात आपल्यापैकी किती जणी तिथे स्वतःसाठी बसल्या?
२. आपल्या गटात किती जणींच्या आधारवर सध्याचा पत्ता आहे? उरलेल्यांचं काम कोण, कधी करून देणार?
३. आपल्या गावात किंवा जवळपास पर्यटकांकडून शुल्क घेतात का? ते कोण घेतं आणि आपल्याला पावती मागतात का?
४. सहलीचा खर्च काढताना कोणती ताई 'पुढच्या वेळी येते' म्हणाली? नियमातली कोणती सवलत तिला लागू होते?

चौथ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ द्या. उत्तरं सचिवांनी बैठकीच्या वहीत लिहून ठेवावीत. मी महिन्याच्या भेटीला आले की आपण अर्ज एकत्र बसून लिहू.

— आपली क्षेत्र समन्वयक, सांताक्रूझ विभाग